कोकणातले संकटग्रस्त प्राणी, त्यांची तस्करी आणि आपली चित्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चौघंजण आहोत. मी सिंधुदुर्गातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवते, माझा आतेभाऊ दशावतारात पेटी वाजवतो, एक जण साइनबोर्ड रंगवायचा आणि एक मैत्रीण बालवाडीत बाई आहे. सुट्टीच्या दिवसांत आम्ही शाळांच्या, ग्रामपंचायतींच्या, एसटीच्या निवारा शेडच्या भिंतींवर कोकणातले प्राणी रंगवतो, बाहुल्यांचे खेळ करतो. भिंत रंगवत असताना मागे माणसं उभी राहतात आणि प्रश्न विचारतात. फोनवरही तेच प्रश्न येतात. म्हणून एकदा सगळी उत्तरं लिहून काढली.

चित्रं काढून तस्करी थांबते का?

चित्राने थेट थांबत नाही. चोर पकडायला वनखातं आहे, पोलीस आहेत, कस्टम आहे. भिंतीवरचं चित्र बघून कुणी लावलेली फासकी काढून घेत नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. शहरातल्या दलालाला खवले मांजराचं बीळ स्वतःहून कधीच सापडत नाही. ते त्याला गावातला माणूस दाखवतो. रात्री पाणंदीतून घरी येताना त्या माणसाला खवले मांजर दिसतं, आणि त्या क्षणी त्याच्या मनात काय येतं त्यावर पुढचं सगळं ठरतं. ‘ह्याचे पैसे येतात’ एवढंच जर त्याने कधी ऐकलं असेल, तर तेच मनात येणार. खवले मांजराविषयी दुसरं काही त्याच्या कानावर किंवा डोळ्यांवर आधी पडलेलं असेल, तर तो निदान दोन मिनिटं थांबेल. त्या दोन मिनिटांसाठी आम्ही भिंती रंगवतो.

असं घडतं याची उदाहरणं कोकणातच आहेत. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांची अंडी काढून नेली जायची. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ मध्ये तिथे संरक्षणाचं काम सुरू केलं. पुढे तिथे कासव महोत्सव भरू लागला. आज त्याच गावातली माणसं पहाटे किनारा पालथा घालून घरटी शोधतात, अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित पुरतात आणि पिल्लं समुद्राकडे जाताना पाहायला आलेल्या पाहुण्यांना घरी जेवू घालतात. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात २०२० च्या जागतिक खवले मांजर दिनी ‘खवलोत्सव’ झाला. देवळात खवले मांजराच्या प्रतिकृतीची पूजा झाली आणि शिमग्यात निघते तशी तिची पालखी निघाली. कोकणी माणसाला पालखी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. जे पालखीत बसलं त्याला हात लावायचा नसतो. हजार पत्रकं वाटून जे झालं नसतं ते तिथे एका लाकडी पालखीने केलं.

आपल्या कोकणात कुठे आलाय असला व्यापार? तो तर आफ्रिकेत, हत्तींचा वगैरे.

हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

खवले मांजर हा जगात सगळ्यात जास्त तस्करी होणाऱ्या सस्तन प्राण्यांपैकी एक आहे आणि तो आपल्या काजूच्या बागांत, देवरायांत, डोंगरउतारावरच्या वारुळांपाशी राहतो. त्याचे खवले केराटिनचे असतात, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात त्याचेच. त्यांत औषधी काही नाही, तरी चीन आणि व्हिएतनामच्या बाजारांसाठी ते चोरून नेले जातात. चीनने स्वतःच २०२० मध्ये आपल्या अधिकृत औषधसूचीतून हे खवले काढून टाकले. वन्यप्राण्यांच्या व्यापारावरचा ‘साइटिस’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याने २०१६ मध्ये खवले मांजराच्या सगळ्या आठही जातींच्या व्यापारावर बंदीचा निर्णय घेतला. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. त्यामुळे एका डोंगरावरून चार-पाच खवले मांजरं गेली की तो डोंगर किती वर्षं रिकामा राहील याचा विचार करा.

घोरपड. तिच्या नराच्या जननेंद्रियाचा वाळवलेला भाग ‘हाताजोडी’ म्हणून विकतात. विकणारे सांगतात की ही एका झाडाची दुर्मीळ मुळी आहे, तिजोरीत ठेवली की धन येतं. श्रद्धेने ती विकत घेऊन देव्हाऱ्यात ठेवणाऱ्या माणसाला आपण घोरपडीची पूजा करतोय याचा पत्ताही नसतो. ‘इंद्रजाल’ ही असंच. काळ्या जाळीदार फांद्यांची चौकट करून वास्तुदोषावर उपाय म्हणून देतात. ती वनस्पती नाही, समुद्राच्या तळाशी वाढणारं प्रवाळ आहे, म्हणजे प्राणीच.

मांडूळ. बिचारा बिनविषारी, मातीत राहणारा साप. शेपूट बोथट असल्यामुळे दोन तोंडांचा वाटतो आणि त्यावरून गुप्तधनाच्या गोष्टी जोडल्या गेल्या आहेत. दिवाळीच्या आसपास घुबडं पकडली जातात, तीही अशाच कारणाने.

समुद्राकडे या. ‘व्हेल माशाची उलटी’ पकडल्याच्या बातम्या आपल्या किनाऱ्यावरून येतच असतात. ती स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते, आणि भारतात तिची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. समुद्री काकडी आणि समुद्री घोडे वाळवून बाहेर पाठवले जातात. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात जे खडक आहेत तिथल्या गुहांत भारतीय पाकोळ्या हे छोटे पक्षी लाळेने घरटी बांधतात. ती घरटी सूपसाठी चोरली जात होती, हे मला स्वतःला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. वेंगुर्ल्याला माझं आजोळ आहे.

पोस्टरवर प्राण्याची बाजारातली किंमत लिहिली तर लोकांना गांभीर्य कळेल ना?

नाही. कृपा करून लिहू नका.

आम्ही ही चूक केली आहे. पहिल्या वर्षी एका बाजारपेठेतल्या भिंतीवर मोठं खवले मांजर रंगवलं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं, ‘याच्या एकेका खवल्यासाठी लाखोंचा काळाबाजार!’ आम्हाला वाटलं, वाचून लोक हादरतील. दुसऱ्या दिवशी रंगाचे डबे न्यायला गेले तर दोन तरुण मुलं चित्रासमोर उभी. त्यांतला एक आदराने म्हणाला, “बाईनू, ह्येची नेमकी किंमत किती ओ? आणि गिऱ्हाईक खय गावता?” थट्टा करत नव्हता तो. घरी बसलेला, काम नसलेला पोरगा होता. आम्ही त्याला एका मोठ्या भिंतीवर धंद्याची जाहिरात करून दाखवली होती.

त्याच दुपारी ती ओळ पुसली. तेव्हापासून आमचा एकच नियम आहे : चित्राने प्राण्याची ओळख द्यायची, किंमत नाही. बातम्यांमध्ये ‘कोट्यवधींचं मांडूळ जप्त’ असं छापून येतं तेव्हा वाईट वाटतं. तो आकडा बहुतेक वेळा दलालाच्या तोंडचा असतो, आणि तो वाचून आणखी दहा माणसं टॉर्च घेऊन रानात जातात. पत्रकार मित्रांनाही आमची हीच विनंती असते.

किंमतीच्या जागी काय लिहायचं? तो प्राणी काय करतो ते लिहा. खवले मांजर मुंग्या आणि वाळवी खाऊन जगतं. ज्याच्या घराच्या वाशांना वाळवी लागली आहे त्याला यापुढे काही सांगायची गरज नाही.

मारलेल्या, रक्ताळलेल्या प्राण्यांची चित्रं जास्त परिणाम करत नाहीत का?

मोठ्यांवर पाच मिनिटं करतात. लहान मुलं तोंड फिरवतात आणि पुन्हा त्या भिंतीकडे बघत नाहीत. जो प्राणी मुलाने जिवंत कधी पाहिलाच नाही त्याची पहिली ओळख प्रेताची करून द्यायची, हे मला पटत नाही.

आपल्याकडे प्राण्यांची चित्रं काढायची परंपरा आहे का, की हे सगळं शहरातून आलेलं खूळ?

आपल्याइतकी जुनी परंपरा फार थोड्या ठिकाणी असेल. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर जा. जांभ्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी प्राणी कोरून ठेवले आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीला एकच हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी, मासे कोरलेले आहेत. बारसूला एक माणूस आणि त्याच्या दोन बाजूंना वाघ आहेत. उक्षी, जांभरूण, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढे तळी, सिंधुदुर्गात कुडोपी, गोव्यात फणसामळ, ही सगळी नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

त्या कातळशिल्पांत एकशिंगी गेंडाही आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी खाली बसले. कोरणाऱ्याने तो पाहिल्याशिवाय त्याची पाठ, त्याचं शिंग इतकं नेमकं कसं उतरेल? आज कोकणात गेंडा नाही. त्याचं नावसुद्धा आपल्या गाऱ्हाण्यांत, गावांच्या नावांत मी कुठे ऐकलेलं नाही. तो कुणी मारला, कधी गेला, कोण त्याच्यासाठी हळहळलं, काही उरलेलं नाही. उरली आहे ती कातळावरची एक रेघ. शाळेच्या सहली मी तिथे नेते आणि मुलांना काहीही न सांगता त्या रेघेवरून डोळे फिरवायला सांगते. मग विचारते, आपण शाळेच्या भिंतीवर जे खवले मांजर काढलंय ते पुढे कुणी बघेल तेव्हा रानात असेल का? उत्तर मी देत नाही.

एक विनंती आहे. फोटो चांगला यावा म्हणून कातळशिल्पांत खडू किंवा चुना भरू नका, बूट घालून त्यावर चालू नका. जांभा दिसतो तेवढा कणखर नसतो.

कोणती लोककला या कामाला चांगली?

ज्या गावात जी जिवंत आहे ती. कला बाहेरून नेऊ नका.

आमच्या बाजूला पिंगुळीची चित्रकथी आहे. ठाकर समाजातली माणसं कथेची पोथी मांडीवर घेऊन एकेक चित्र समोर धरतात आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातलं आख्यान लावतात. चित्र बदललं की कथा पुढे सरकते. याच समाजात चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्याही आहेत. ही कला टिकवण्यासाठी आयुष्य घालवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. कासवाचा जन्म सांगायला याहून योग्य रूप मला सुचत नाही. पहिलं चित्र : रात्र, ओहोटी, मादी वाळूवर चढतेय. दुसरं : ती मागच्या वल्ह्यांनी खड्डा करतेय. तिसरं : शंभराच्या आसपास अंडी. चौथ्या चित्रात कोल्हा. पाचव्यात माणूस. आमच्या खेळात पाचवं चित्र वर येतं तेव्हा मंडपात कुजबूज थांबते.

पण एक सांगते. चित्रकथीची शैली इंटरनेटवरून उतरवून घेऊन ‘चित्रकथी वर्कशॉप’ भरवू नका. ज्यांची कला आहे त्यांना बोलवा, त्यांच्याकडून चित्रं करून घ्या आणि त्यांचं मानधन वेळेवर द्या. जंगलाचा प्राणी वाचवायचा आणि कलाकाराला उपाशी ठेवायचं, असं करू नका.

दशावतार तर आपल्या रक्तात आहे. त्यातली भाषणं लिहिलेली नसतात, नट रंगमंचावर उभ्या उभ्या बोलतात. त्यामुळे नवा विषय घालायला दार उघडंच असतं. आतेभावाच्या कंपनीत एका जत्रेला शंकासुराने समुद्रातून बाहेर येऊन विचारलं, “अरे, माझ्या घरातली कासवां खय गेली? वेद मिया चोरलंय, पण कासवां मिया नाय चोरूक!” रात्री दोन वाजता सगळी जत्रा जागी झाली. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह : दहा अवतारांची सुरुवातच प्राण्यांनी होते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांत तेच आहे. दहा रंगांची १२० गोल पानं, त्यांत एक रंग मत्स्याचा, एक कूर्माचा. आठवीच्या मुलांनी गोल पुठ्ठ्यांवर आपला गंजिफा केला होता, त्यात अवतारांच्या जागी खवले मांजर, धनेश, पाणमांजर, शेकरू. खेळाचे नियम त्यांनीच ठरवले आणि ते मला अजून नीट समजलेले नाहीत.

रत्नागिरीकडे नमन-खेळे आणि जाखडी आहेत. शिमग्यातल्या सोंगांत प्राणी पूर्वीपासून आहेतच. आणि गणपती : चाकरमानी त्या दिवसांत गावी येतो, घराघरांत जातो, मूर्तीमागची रंगवलेली भिंत बघतो. त्या भिंतीवर हिमालय आणि धबधबा काढण्याऐवजी गावच्या खाडीतलं पाणमांजर काढा. वर्षभर कुठल्याही प्रदर्शनाला मिळत नाहीत इतके प्रेक्षक त्याला पाच दिवसांत मिळतील.

कोणता ब्रश वापरावा?

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आम्हीच तो विचारायला लावतो, कारण या कामात सगळ्यात मोठी लाज इथे लपलेली आहे.

चांगल्या जलरंगाच्या ब्रशांमध्ये भारतात वर्षानुवर्षं मुंगसाचे केस वापरले गेले. केस ताठ, टोक टिकतं, रंग धरून ठेवतो. एका ब्रशला थोडेच केस लागतात, पण त्यासाठी मुंगूस मारावंच लागतं. मुंगूस पाळून त्याची लोकर कातरत नाहीत. मुंगूस कायद्याने संरक्षित आहे, त्याच्या केसांचा ब्रश बनवणं, विकणं हा गुन्हा आहे. वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने २०१९ मध्ये यासाठी देशभर छापे घातले आणि त्या मोहिमेला ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ असं नाव दिलं.

म्हणजे ‘वन्यजीव वाचवा’ असं पोस्टर मुंगसाच्या केसांनी रंगवलेलं असू शकतं. मी स्वतः कला महाविद्यालयात असताना असे ब्रश वापरले आहेत, अभिमानाने वापरले आहेत, आणि ते कशाचे आहेत हे दुकानदाराला एकदाही विचारलं नव्हतं.

ओळखायचं कसं? मुंगसाच्या एकेका केसावर पट्टे असतात : टोक गडद, मध्ये फिकट पिवळसर, मुळाशी पुन्हा तपकिरी. असा ब्रश दिसला की घेऊ नका. सिंथेटिक ब्रश आता उत्तम मिळतात आणि भिंतीच्या कामाला तर तेच टिकतात. दुकानात मोठ्याने विचारा, “मुंगसाचा नाही ना?” मागच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं विचारा.

घुमट, शंख, मोरपीस, हस्तिदंत… मग कलेत वापरायचं काय?

घुमट म्हणजे आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य. त्याला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे. आता बकऱ्याचं लावतात. आवाजात थोडा फरक पडतो असं वाजवणारे सांगतात, पण आरती तितकीच रंगते. गोव्याने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला तो याच बदललेल्या घुमटाला. वाद्य जगलं आणि घोरपडही जगतेय. जुनं घोरपडीचं घुमट घरात असेल तर ते नव्याने मढवताना बकऱ्याचं कातडं वापरा.

हस्तिदंताचा व्यापार देशात १९८६ पासून बंद आहे. जुन्या राजदरबारी गंजिफांची पानं हस्तिदंताची, कासवाच्या कवचाचीसुद्धा असत. ती संग्रहालयात बघावीत. गळून पडलेलं मोरपीस देशात जवळ बाळगायला बंदी नाही, परदेशी नेता येत नाही. शंख-शिंपल्यांच्या बाबतीत मात्र सावध राहा. नॉटिलस, ट्रायटनसारखे काही मोठे, देखणे शंख संरक्षित यादीत आहेत, आणि पर्यटनस्थळी मांडून ठेवलेल्या सगळ्याच वस्तू कायदेशीर असतील असं समजू नका. प्रवाळाचा तुकडा तर उचलूच नका.

किनाऱ्यावर वाळूशिल्पं करायची आहेत. चालेल?

दिवसा, आणि जागा बघून. कोकणात ऑलिव्ह रिडली जातीची समुद्री कासवं साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात, आणि मेपर्यंत पिल्लं बाहेर पडत असतात. वाळूशिल्पासाठी केलेला खड्डा तसाच ठेवलात तर रात्री मादी त्यात अडकते, पिल्लं पडतात. म्हणून निघण्यापूर्वी वाळू सपाट करा. रात्री दिवे लावून कार्यक्रम नको. पिल्लं उजेडाकडे चालतात, आणि तो उजेड समुद्राचा आहे की मंडपाचा हे त्यांना कळत नाही. आधी गावच्या कासवमित्राला विचारा. घरटी कुठे आहेत हे त्यालाच माहीत असतं.

प्राणी काढताना हमखास कोणत्या चुका होतात?

समुद्री कासवाला पंजे काढतात. त्याला वल्ह्यांसारखे पाय असतात आणि ते डोकं कवचात ओढून घेत नाही. ऑलिव्ह रिडलीच्या कवचावर मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना सहसा पाचापेक्षा जास्त ढाली असतात, मोजून काढा. खवले मांजराच्या नावात मांजर असल्यामुळे मुलं त्याला मिशा काढतात. त्याला मिशा नाहीत, दातही नाहीत. लांब जीभ आहे, पोटाकडे खवले नसतात, शेपूट जाड आणि लांब असते, आणि भीती वाटली की ते गुंडाळी होऊन बसतं. बिबट्यापासून वाचवणारी तीच सवय माणसासमोर घात करते. गुंडाळी झालेल्या प्राण्याला माणूस सरळ पोत्यात घालतो.

चित्र चुकलं तर काय बिघडतं, असं विचारतात. चुकीच्या चित्रावरून खरा प्राणी ओळखू येत नाही, आणि गावातला जाणकार म्हातारा हसून निघून जातो. तो एकदा हसला की तुमचं पुढचं काही ऐकत नाही.

जिवंत प्राणी समोर ठेवून अभ्यास करता येईल का?

नाही. पकडणं, डांबून ठेवणं हाच गुन्हा आहे. सोडवलेलं कासवाचं पिल्लू तळहातावर घेऊन फोटोही नको. पिंजऱ्यातला आपला देशी पोपटसुद्धा बेकायदेशीर आहे, हे मुलांना सांगितलं की वर्गात अर्धे चेहरे उतरतात.

आम्ही मच्छीमार आहोत. तुमच्या चित्रांत आम्हीच का दोषी?

हा प्रश्न एका बंदरावर मला रागाने विचारला गेला आणि विचारणारा बरोबर होता. आमच्या चित्रात जाळ्यात अडकलेलं कासव होतं आणि जाळं ओढणारा माणूस काळा, दातओठ खाणारा काढला होता. तो म्हणाला, “जाळ्यात कासव आला की माझा जाळा मीच कापतंय. त्येचो चित्र खय हा?”

खरंच नव्हतं. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून अशी योजना आहे की संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. कितीतरी खलाशांनी कासवं, व्हेल शार्क अशी सोडवली आहेत. आम्ही ते चित्र पुन्हा काढलं : होडीच्या कडेवर वाकलेला माणूस, हातात कोयता, पाण्यात सुटत चाललेलं कासव. चेहरा त्या विचारणाऱ्याचा काढला नाही, पण लुंगी आणि टोपी त्याचीच आहे. तो येता-जाता बघतो.

शाळेत चित्रकला स्पर्धा घ्यायची आहे. विषय काय द्यावा?

‘वाघ वाचवा’ देऊ नका. साठ मुलं मोबाइलवरचा एकच वाघ उतरवतील. त्याऐवजी असं सांगा : घरी जाऊन आजीला, आजोबांना विचारा, लहानपणी रानात, खाडीत कोणता प्राणी दिसायचा जो आता दिसत नाही? तो कुठे दिसायचा? त्याला आपल्या भाषेत काय म्हणायचे? मग आजीने सांगितला तसा काढा.

एकदा एका मुलीने आजीने सांगितलेलं पाणमांजर काढलं, ओहोटीच्या वेळी खाजणात मासा धरून बसलेलं. मागे आजी, आठ-नऊ वर्षांची, फ्रॉकमध्ये. त्या मुलीची रेघ कच्ची होती, पण परीक्षकाने तिलाच पहिला नंबर दिला. अशा चित्रांतून गावाची एक नोंदही तयार होते. ती फेकू नका, शाळेत जपून ठेवा.

भिंत, परवानगी, रंग?

भिंत ज्याची त्याची लेखी परवानगी घ्या. ग्रामपंचायतीचा ठराव झाला तर उत्तम. नुसत्या चिऱ्यावर रंग धरत नाही, गिलावा हवा. काम दिवाळीनंतर करा, म्हणजे भिंत सुकलेली असते. बाहेरच्या भिंतीचा रंग वापरा. दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंतीला पावसाचा मारा बसतो, तिथलं चित्र दोन-तीन पावसाळ्यांत जातं.

चित्राखाली काय लिहावं, काय लिहू नये?

प्राण्याचं गावातलं नाव मोठं लिहा, पुस्तकी नाव लहान. महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा टोल-फ्री नंबर लिहा. घरट्याची, बिळाची, ढोलीची जागा कधीही लिहू नका, ओळखू येईल असं झाड किंवा वळणही चित्रात नको. फोटो टाकतानाही ठिकाण बंद करून टाका. धनेशाच्या ढोलीचा फोटो गावाच्या नावासकट फिरला की पुढच्या हंगामात तिथे कोण येईल ते आपल्या हातात राहत नाही.

कुणी प्राणी विकायला आला किंवा ‘मांडूळ मिळेल का’ असं विचारलं तर?

१९२६ ला किंवा जवळच्या वनपालाला कळवा. वेळ, जागा, गाडी, बोलणं लक्षात ठेवा. स्वतः गिऱ्हाईक असल्याचं नाटक करून सापळा लावू नका, जिवावर बेतू शकतं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या (म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतल्या) प्राण्याच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी २५ हजार रुपये दंड आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दंड वाढला. बाहुल्यांच्या खेळात आम्ही हे शेवटी सांगतो, कारण ज्या पोराला पैशाची गरज आहे त्याला दलाल एवढं कधीच सांगत नाही. पकडला जातो तो पोरगा. दलालाचं नावही त्याला माहीत नसतं.

कामाचा उपयोग झाला हे कसं कळतं?

आम्ही मोजत नाही. पण ज्या बाजारपेठेत मला किंमत विचारली गेली तिथेच गेल्या दिवाळीनंतर भिंत पुन्हा रंगवत होतो. एक काजूवाले काका सायकल टेकवून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “पोट गुलाबी नाय गो बाय. फिकट असता. आमच्या बागेत येता ना, माका म्हायती.” मी त्यांच्या हातात ब्रश दिला. त्यांनी घेतला नाही, पण रंग घोटून होईपर्यंत थांबले आणि “हां, आता बरोबर” म्हणून गेले.

तुमची चित्रं आम्ही आमच्या गावात वापरली तर?

खुशाल वापरा. नाव घातलं नाही तरी चालेल. फक्त प्राण्याचं नाव तुमच्या गावात जे म्हणतात ते घाला, आणि आमच्या खवले मांजराचं पोट पहिल्या दोन भिंतींवर गुलाबी आहे, ते उतरवून घेऊ नका.